मोरीत ओतायचा ‘ग्रीन’ पाक

आमच्या परभणीच्या रसायनवाल्या शिक्षकांच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा फिरला. ग्रीन सॉल्व्हंट, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक म्हणवले जाणारे द्रावक, झाडपाल्यापासून बनतात म्हणून निर्धोक, युरिया आणि कोलिन क्लोराइड हा क्षार एकत्र तापवला की नवाच द्रव रेणू तयार होतो, तो डीएमएफ या नेहमीच्या द्रावकाच्या जागी तेवढाच ओतला की झालं, उरलेलं मोरीत.

झाडापासून म्हणून निर्धोक? मिथेनॉल पूर्वी लाकडापासूनच काढायचे, आणि ते पिऊन माणसं आंधळी होतात. आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या सालीतलं लिमोनिन घ्या. १० कार्बन, १६ हायड्रोजन, दोन दुहेरी बंध. हवेत राहिलं की त्या बंधांशेजारी ऑक्सिजन चिकटतो आणि जे तयार होतं त्यानं कातडीला ॲलर्जी होते. ४८ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीनं पेटते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४८ काही लांब नाही.

‘नवा रेणू’ मला जास्त खटकतो. कोलिन क्लोराइड ३०२ अंशांना वितळतं, युरिया १३३ ला. एका मोलाला दोन मोल युरिया घेऊन ८० अंशांवर ढवळा (प्रयोगशाळेतला घ्या, गोणीतला निंबोळीचा लेप दिलेला नको). आधी कांडीला ओलसर गोळा चिकटतो, मग बघता बघता स्वच्छ पाक होतो, आणि थंड झाल्यावरही थेट १२ अंशांपर्यंत पातळच. पण रेणू तेच जुने. युरियाचे एन-एच गट क्लोराइडला हायड्रोजन बंधांनी धरतात, स्फटिकाची घडी मोडते, बस्स. भरपूर पाणी घाला, तेच मधे घुसून हे जाळं विस्कटतं.

डीएमएफ गर्भाला घातक, ते सुटलं तर चांगलंच. पण हा पाक पाण्यापेक्षा शेकडो पट दाट, त्यात रेणू रेंगाळतात. वर तो गप्पही बसत नाही. २००४ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात झिओलाइटसारखे सच्छिद्र पदार्थ याच पाकात बनवले, तेव्हा तापलेला युरिया फुटून अमोनियम सुटला आणि स्फटिकाच्या पोकळ्या त्याच्याभोवती घडल्या. म्हणजे कृती नव्यानं बसवायची.

राहिली मोरी. युरियाचा पुढं अमोनिया होतो, मग नायट्रेट. शिवाय हा पाक तांब्याचं ऑक्साइडसुद्धा विरघळवतो, तेव्हा वापरलेल्यात धातू असणारच. आमच्याकडे त्याचा वेगळा कॅन आहे. शिपाईमामांनी त्यावर खडूनं लिहिलंय: ‘पाक आहे, पण खायचा नाही, सांडायचा नाही.’