आठ घातले, चारच मोजतो

गुहागरच्या पावसाळ्यात मिठापासून काडेपेटीपर्यंत सगळ्यालाच ओल धरते, हे मला मान्य आहे. परंतु माझ्या जुन्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकाने वाढवलेली मेमरी ओळखली की नाही, एवढ्या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी माणसाने सलग तीन संध्याकाळी मदरबोर्डवर वाकून बसावे, हे मुळीच मान्य नाही.

मुळात ३० पिनांचे सिम, म्हणजे मेमरीची पट्टी, मिळवतानाच नाकी नऊ आले. दुकानात 'सिम' म्हटले की समोरचा आधार कार्ड मागतो! अखेर एकेक मेगाबाइटच्या चार पट्ट्या कुरिअरने मागवल्या. चारच, कारण अशी पट्टी ८ बिटांची आणि ३८६ डीएक्सचा डेटा मार्ग ३२ बिटांचा. त्यामुळे चारांचा संच झाल्याशिवाय बँक, म्हणजे एकत्र चालणाऱ्या खाचांचा गट, भरत नाही, आणि त्यांतली एक जरी रुसली तरी उरलेल्या तिन्ही फुकट जातात. विक्रेत्याने पाकिटावर 'टेस्टेड' असे लिहिले होते. कशावर टेस्ट केल्या, ते त्यालाच ठाऊक.

यंत्र सुरू केले, पडद्यावर मेमरी मोजणारे किलोबाइटांचे आकडे टकटक करत चढले आणि ३७१२ वर थांबले; म्हणजे जुने चार एमबी तेवढे जागेवर होते. बिघाड पहिल्या बँकेत असता तर निदान शिट्ट्या तरी ऐकू आल्या असत्या. दुसऱ्या बँकेतला दोष मात्र हे यंत्र मुकाट्याने गिळते. ना तक्रार, ना संदेश, जणू त्या पट्ट्या मी खाचेत नव्हे तर समुद्रात टाकल्या होत्या. पट्ट्यांच्या कडा खोडरबराने घासल्या, तेव्हा रबर काळेकुट्ट झाले. खाचेच्या प्लॅस्टिकच्या कड्या तर इतक्या ठिसूळ, की तिरकी पट्टी उभी करताना 'टक' असा आवाज आला तर ती बसली की कडी तुटली, हे टॉर्च मारून पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी आकडा ७८०८ वर गेला. पण आठ एमबी म्हणजे ८१९२, मग ३८४ गेले कुठे? पट्टी नीट बसली नसावी म्हणून मी मूर्खासारख्या चारही पुन्हा काढल्या, आणि त्यात चौथ्या पट्टीची एक कडी खरोखरच मोडली. नंतर डॉस या जुन्या कार्यप्रणालीत मेमरीचा हिशेब दाखवणारी 'मेम' ही आज्ञा दिली तर समोर पूर्ण ८१९२! ६४० ते १०२४ किलोबाइटांमधली ३८४ ची राखीव जागा बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताना तपासणी करणारा अंगभूत प्रोग्राम, मोजत नाही आणि डॉस मोजतो, एवढेच ते प्रकरण होते. एकाच मेमरीचे दोन हिशेब, आणि खुलाशाची एक ओळ पडद्यावर दाखवण्याची बुद्धी कोणालाही झाली नाही.

आता ती चौथी पट्टी काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी लावून उभी केली आहे, आणि रात्रभर पाऊस लागला की सकाळी आकडा पुन्हा ३७१२ वरच थांबतो.