पाय कुठं आहेत, ते पहा

मृग लागला, पेरणीची घाई सुरू झाली. आता पुढचे तीन-चार महिने आपल्याकडची मोटरसायकल म्हणजे अर्धी बैलगाडीच असते, टाकीवर युरियाची बॅग, मागं बायको नाहीतर मजूर, हँडलला जेवणाचा डबा आणि पाण्याची कॅन, अन् खाली पांदणीचा चिखल. हेल्मेटवर सगळे बोलतात, बोललंच पाहिजे, पण पायाबद्दल कोणी काही बोलत नाही म्हणून आज लिहून राहिलो. गाडी चालवताना पाय फुटरेस्टवर नेमका कसा ठेवायचा एवढाच विषय आहे. लहान वाटंल, पण मी त्याची किंमत मोजलेली आहे.

तीन वर्षांआधी, जानेवारी महिना, तुरी सोंगून झाल्या होत्या आणि दिवस बुडायच्या वेळेस मी वावरातून घरी येत होतो. पांदण रस्ता, बैलगाडीच्या चाकोरीतून गाडी, स्पीड जास्तीत जास्त पंचवीस. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि वाळली की दगड, त्यामुळं चाकोरीचे दोन्ही काठ घोट्याएवढे उंच आणि कडक झालेले. माझी सवय अशी होती की तळव्याचा मधला भाग फुटरेस्टवर टेकवायचा आणि पुढचा पंजा बाहेरच्या अंगानं खाली लोंबता सोडायचा, आपल्या इकडं दहातले आठ जण असेच चालवतात. उजवा पंजा काठाला अडकला. गाडी पुढं गेली आणि पाय मागं राहिला. चप्पल कुठं उडाली ते दिसलंच नाही, पंजाची दोन हाडं मोडली, सहा आठवडे प्लास्टर. कापसाची शेवटची वेचणी बायकोनं एकटीनं मजूर लावून काढली, ते दिवस मी विसरू शकत नाही.

त्या सहा आठवड्यांत ओसरीवर बसून मी एकच काम केलं, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याचे पाय पाहिले. कोणाचे लेगगार्डवर, कोणाची फक्त टाच फुटरेस्टवर, कोणाचे माझ्यासारखे लोंबते. आणि एक प्रकार असा की उजवा पाय कायम ब्रेकच्या पेडलवर दाबून ठेवलेला, भर दुपारी मागचा लाल लाईट पेटलेला, पण गाडी तर पळत आहे. त्याला वाटतं पाय ब्रेकवर आहे म्हणजे मी सावध आहे. खरं तर लायनर झिजत असते, ड्रम तापत असतो, ॲव्हरेज पडतं, अन् सगळ्यात वाईट म्हणजे मागून येणाऱ्याला तो खरंच ब्रेक कधी मारतो ते समजतच नाही. पेडलच्या वर पाय असणं वेगळं आणि पेडलवर वजन असणं वेगळं, गर्दीत बोटं पेडलच्या वर ठेवा पण टेकवू नका.

मग ठेवायचा कसा? मोकळ्या रस्त्यावर पायाचा चवडा फुटरेस्टच्या रबरावर, बोटं सरळ पुढं, टाच आत गाडीकडं, आणि गुडघे टाकीला हलके चिकटलेले. ब्रेक किंवा गिअर लागला की पाय तेवढ्यापुरता पुढं सरकवायचा, काम झालं की परत मागं. कोणी म्हणतो तळव्यावरच बरं वाटतं, तर तेही सगळं चूक नाही. आपल्या रोजच्या वापराच्या कम्युटर गाड्यांना पुढं-मागं दोन्हीकडून दाबायचा गिअर लिव्हर असतो, टाचेनं पण पडतो, त्यामुळं गावात, बाजारात, घडीघडी गिअर बदलताना तळवाच टेकलेला सोयीचा पडतो. मी पण तेव्हा तसाच ठेवतो. फक्त पंजा बाहेर लोंबता नको, बोटं फुटरेस्टच्या खाली जाऊ द्यायची नाहीत, कुठल्याही रस्त्यावर.

चवड्याचा फायदा काय ते ज्यानं वखर हाणलं त्याला सांगायची गरज नाही. वखरावर उभं राहताना कोणी टाचेवर ताठ उभं राहतं का? चवड्यावर, गुडघे ढिले, ढेकूळ आलं की गुडघ्यानं झेलायचं. गाडीचं तेच आहे. पांदणीत खड्डा किंवा नाल्याचा उतार आला की बूड सीटवरून जरा उचलायचं, वजन दोन्ही फुटरेस्टवर घ्यायचं, मग तुमचे गुडघेच शॉकअप होतात, झटका कमरेत जात नाही आणि हँडलवर लोंबकळावं लागत नाही. हँडल ढिलं धरलं की पुढचं चाक आपली वाट आपण काढते. हे तळव्यावर टेकून होत नाही, कारण घोटा तिथं स्प्रिंगसारखा वाकत नाही. कमरेचं दुखणं घेऊन फिरणारे किती जण आहेत गावात, एकदा असं करून पहा म्हणतो मी.

आता लेगगार्डवाले. माझा पुतण्या, पोट्टं हुशार आहे, गाडी पण चांगली चालवते. मागच्या महिन्यात कळंबवरून राळेगावकडं येत होतो, तो पुढं आणि मी मागं, संध्याकाळ होती, त्याचे दोन्ही पाय लेगगार्डवर पसरलेले. डाव्या बाजूच्या वावरातून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला. आपल्याला माहीत आहे रोही कसा निघतो, दिसतो तेव्हा रस्त्यावरच असतो. तो पुतण्याच्या गाडीपुढून गेला, हातभर अंतर राहिलं असंल. पुढच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, गाडी थांबवून मी पुतण्याला विचारलं, काहून रे, पाय वरतं काहून ठेवले होते? तो म्हणते, "काका, पाय आखडतात मंग."

आखडतात, मान्य आहे. पण हिशेब करा. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात १६ मीटरच्या वर जाते. लेगगार्डवरून पाय उचलून पेडलवर आणायला अर्धा सेकंद जरी धरला तरी ८ मीटर गाडी ब्रेकशिवाय गेली, जुंपलेली बैलगाडी उभी राहील एवढी जागा. त्याची गाडी सव्वाशे सीसीची आहे, एप्रिल २०१९ पासून या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले येतात, मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेक पण थोडा लागतो. एवढी सोय दिली आहे, पण पेडलवर पाय पोचलाच नाही तर ती कोणाच्या कामाची? आणि लेगगार्ड गाडी पडली तर पाय वाचवायला असतो, पाय त्याच्या पुढंच पसरलेले असले तर तो वाचवणार काय. आखडले तर गाडी उभी करा, दोन मिनिटं चाला, पाणी प्या.

टाकीवरची बॅग हा आणखी वेगळा त्रास. ४५ किलोची युरियाची बॅग आडवी टाकली की गुडघे फाकतात, पाय आपोआप बाहेर जातात, हँडल पण पुरतं वळत नाही. उभी बांधून मागं न्या, नाहीतर फेऱ्या दोन करा. खताच्या दिवसात घाई किती असते ते मला माहीत आहे, तरीही म्हणतो.

मागं बसणाऱ्याचे पाय तर कोणी मोजतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १२३ आहे, त्यात मागच्या माणसासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असलीच पाहिजे असं लिहिलं आहे. आपली पोरं गाडी घेतली की पहिले ती साडीची जाळी काढून फेकतात, लुक खराब होतो म्हणून. अरे, त्याच गाडीवर तुझी माय बसते, पदर उडत असतो तिचा. आणि लेकरं! लेकराचा पाय फुटरेस्टपर्यंत पोचत नाही, तो लोंबतो, डुलकी लागली की टाच आत जाते आणि चाकाच्या तारांत सापडते. चार वर्षांखालच्या लेकरासाठी आता हार्नेस, हेल्मेट आणि जास्तीत जास्त ४० चा स्पीड असा नियम आहे, पण पाच-सहा वर्षांच्या लेकराचा पाय पण कुठं पोचतो? दोन मोठ्यांच्या मधात बसवलं तरी त्याची टाच कुठं आहे ते मागं बसणाऱ्यानं हातानं चाचपून पाहावं, खरंच हात लावून.

मेकॅनिककडं गेले तर तीन गोष्टी करून घ्या. फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालं असंल तर बदला, फार पैसे लागत नाहीत. गाडी पडल्यावर फुटरेस्ट वाकते, मागं किंवा वर, आणि आपण तशीच वर्षभर चालवतो, ते सरळ करून घ्या. ब्रेकच्या पेडलला बोट-दीड बोट फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीची मोकळी चाल, पाहिजे, त्याच्यापेक्षा जास्त झाला तर पाय खोल जातो आणि ब्रेक उशिरा लागतो. आणि निघताना चपलेखालचा चिखल फुटरेस्टवर नाही, धुऱ्यावरच्या दगडावर खरवडा, ओली काळी माती रबरावर बसली की पाय सटकतो म्हणजे सटकतोच.

माझे गमबूट काल माळ्यावरून काढले. गमबुटाचा पुढचा भाग जाड असतो, लिव्हरखाली बोट शिरत नाही, मग माणूस पूर्ण पाय उचलून गिअर टाकते. गिअर लिव्हरचा बोल्ट ढिला करून लिव्हर एक दात वर बसवला की काम होते, दिवाळीला परत एक दात खाली. उद्या बियाणं आणायला राळेगावला जायचंच आहे, तेव्हा पुतण्याची गाडी पण सोबत नेतो.