ऐंशीचे झाले दोन

पोटापाण्यासाठी मी पाण्याकडेच बघत बसतो, पण संगणकातल्या. ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या, दोन थरांमध्ये जेमतेम एक नॅनोमीटरची फट, त्यात कोंबलेलं पाणी आणि त्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे ते विद्युतक्षेत्राचा जोर किती मोडतं तो आकडा, काढायचा. ऐकायला सोपं वाटतं.

मोकळ्या पाण्याचा हा आकडा खोलीच्या तापमानाला ८० च्या आसपास. रेणूला एक धन टोक, एक ऋण टोक. विद्युतक्षेत्र लावलं की रेणू वळतात आणि क्षेत्राचा जोर मोडतात. संगणकातल्या पाण्याला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. तिथे पाण्याचे निरनिराळे गणिती नमुने असतात: ‘एसपीसी/ई’ जातीचं पाणी ७१ च्या आसपास सांगतं, ‘टिप३पी’ नव्वदी ओलांडतं, ‘टिप४पी/२००५’ साठीपर्यंतही धड पोचत नाही. पाणी अजून फटीत शिरलेलंही नाही आणि भांडण सुरू!

शिरल्यावर तर विचारूच नका. मँचेस्टरच्या लॉरा फुमागाल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रत्यक्ष मोजलं, तर नॅनोमीटरहून अरुंद फटीत भिंतीला लंब दिशेने आकडा निघाला २ च्या आसपास. भिंतीलगतचे रेणू अवघडून बसतात, वळायचं नाव नाही. त्याच गटाने २०२५ मध्ये भिंतीला समांतर दिशेने मोजलं, तर एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत हजाराच्या घरात! बैठकीत काही मंडळी अशीच असतात, समोरून विचारलं तर ढिम्म, शेजाऱ्याशी कुजबूज मात्र अखंड.

पण खरा छळ जाडीचा. सूत्रात पाण्याची जाडी घालावी लागते. ती कुठून कुठवर धरायची? कार्बनच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत धरली तर एक नॅनोमीटर. कार्बन अणूंनी अडवलेली जागा वगळली तर साधारण दोन तृतीयांश. रेणू तेच, फट तीच, उत्तर निराळं. शोधनिबंधात कुणी कुठली पट्टी लावली, हे बहुधा पुरवणीतल्या तळटीपेत सापडतं. सापडलं तर.

त्यात हा आकडा निघतो रेणूंच्या वळण्यातल्या चढउतारांवरून, आणि त्यांची सरासरी घ्यायची म्हणजे गणित चालू ठेवून वाट बघायची. आलेख सपाट झाला म्हणून डबा उघडावा, तोवर स्वारी पुन्हा डोंगर चढायला लागलेली.

“काय रे, स्थिरावला का?” सर दारातूनच विचारतात.

“आलाय सर, दोनच्या जवळ.”

“वा! जाडी किती धरलीस?”

“तुम्ही किती म्हणता, सर?”