बघून बोलू देत

आज सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या झुंबाच्या वर्गात जे घडले ते लिहिल्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नाही, म्हणून कुकर लावून लिहायला बसले आहे. आम्हांला शिकवणारा मुलगा मिरजेचा आहे आणि त्याच्या पेनड्राइव्हमध्ये कोणत्या गाण्यामागून कोणते गाणे येईल याचा काही भरवसा नसतो. आज एका दणदणीत तेलुगू गाण्यामागून अचानक अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पिअर्सचे 'पीस ऑफ मी' लागले. गाणे २००७ सालचे, ठेका फार न पळणारा, पण टाचेत भिनणारा. मी खूश होऊन हात वर केले, तेवढ्यात मागून आवाज आला, "हीच न्हवं का गं ती, डोकं भादरून घेतलेली येडी?" दुसरी हसली. पुढच्या चार पावलांत तो विषय अमेरिकेतून उठून आमच्याच वर्गाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसला, कारण तिथे लाल टी-शर्ट घातलेली आमची एक मैत्रीण चार महिन्यांनी पहिल्यांदाच आली होती. तिच्या घरी काय बिनसले आहे हे आमच्या अख्ख्या कॉलनीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "नवऱ्याला सोडून चार महिनं झालं न्हाईत, तवर बाईसाहेब नाचायला हजर," असे वाक्य पडले, आणि त्याचा आवाज मुद्दाम इतकाच खाली होता की तो तिच्यापर्यंत पोहोचावा.

मी काही बोलले नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्हांला त्याचे कारण कळेल.

ज्या बाईने आयुष्यभर गाणी म्हटली, सतराव्या वर्षी जगभर नाव झाले, जिच्या गाण्यांवर या दोघींनीही आपापल्या गॅदरिंगमध्ये उड्या मारल्या असतील, तिचे इतक्या वर्षांनंतर सांगलीत काय उरले, तर भादरलेले डोके! फेब्रुवारी २००७ मधली ती एक रात्र. घटस्फोटाचा दावा चालू, पदरात दोन तान्ही मुले, दारात रात्रंदिवस कॅमेरेवाले. सलूनवालीने केस काढायला नकार दिला, तेव्हा तिने मशीन स्वतःच हातात घेतले आणि काचेबाहेर कॅमेरे लखलखत राहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लास व्हेगासला एका पुरस्कार सोहळ्यात ती नव्या गाण्यावर नाचायला उभी राहिली, तर दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची, तर तिच्या पोटाची. तिचा धाकटा मुलगा तेव्हा एक वर्षाचाही झालेला नव्हता. बाळंतपणानंतर वर्षभरात आपले पोट कुठे होते, हे त्या दोघींनी एकदा आपापल्या नवऱ्यांना विचारावे.

या विषयावर मी इतकी का तापते ते सांगायचे, तर मला आमच्या आक्काकडे जावे लागेल.

आक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन तीन वर्षांनी, २००६ मध्ये, ती एका पिशवीनिशी तासगावला माहेरी परत आली. का आली हे तिने कोणाला सांगितले नाही आणि घरच्यांनीही विचारले नाही. गल्लीने मात्र परस्पर ठरवून टाकले. कोणी म्हणे नवऱ्याने टाकली, कोणी म्हणे हिनेच तिकडे काहीतरी केले असणार, कोणी म्हणे मूल होत नव्हते. दोन वर्षे आक्का द्राक्षबागेत आणि घरात एवढीच राहिली. दुकानात जायचे तर दुपारी दोन वाजता जायची, कारण तेव्हा कट्टे रिकामे असतात. मे २००८ मध्ये आमच्या धाकट्या चुलतभावाचे लग्न झाले, द्राक्षांची खरडछाटणी उरकलेली, सगळा भावकीचा गोतावळा जमलेला. रात्री वरात निघाली. पुढे टेम्पोवर बेंजो, मागे जनरेटरचा धूर, मध्ये पोरे नाचताहेत आणि बायका नेहमीप्रमाणे कडेने, पदर सावरून. चौकात वरात थांबली, तेव्हा आक्काने चपला काढून टेम्पोच्या चाकाशी जोडून ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि ती मध्ये उतरली. बेंजोवाला दचकला. त्याने वाजवणे थांबवले आणि तो आमच्या काकांकडे बघू लागला. आक्काने त्याच्याकडे बघून हवेत नुसते बोट फिरवले, म्हणजे चालू ठेव.

ती नाचली. पोरे हळूहळू बाजूला झाली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, शहाणी होते, सांगलीच्या कॉलेजात शिकत होते, आणि मी काय केले, तर पुढे जाऊन तिचे कोपर धरले आणि म्हटले, "आक्का, बास कर, सगळी बघायला लागल्यात."

ती थांबली नाही. नाचता नाचताच म्हणाली, "बघू देत की. दोन वर्षं न बघता बोलल्यात, आता बघून बोलू देत."

मला 'पीस ऑफ मी' कळले ते त्या वाक्यामुळे. गाणे माझ्या मोबाईलमध्ये होते, स्टँडजवळच्या दुकानातून वीस रुपयांत कार्ड भरून घेतले होते त्यात आलेले. इंग्रजी अर्धेमुर्धेच समजायचे. सुट्टीवरून परतल्यावर ते पुन्हा ऐकले, शब्द शोधून काढले आणि लक्षात आले की त्या गाण्यात ब्रिटनी एकही आरोप नाकारत नाही. मी तशी नाही, माझे ऐकून घ्या, मला समजून घ्या, असे त्यात काहीच नाही. वर्तमानपत्रांनी तिला जी जी नावे ठेवली, कधी जाड म्हटले, कधी हडकुळी म्हटले, ती सगळी नावे ती स्वतःच एकेक करून वाचून दाखवते आणि मग विचारते की तुम्हांला माझा लचका हवा आहे ना? व्हिडिओमध्ये तर तिच्या मैत्रिणी तिच्यासारखाच वेश करून बाहेर पडतात आणि फोटोवाल्यांना खरी कोण तेच कळत नाही. हा खुलासा नव्हे. खुलासा हा नेहमी खालच्या पायरीवरून वर बघत केला जातो. तिने ठेका लावला आणि त्यांचेच शब्द त्या ठेक्यावर नाचवले.

आपल्याकडे बाई सोसते हे चालते. ती रडली तर आपण पाणी देतो, जवळ घेतो, वर "सोस गं बाई" म्हणतो. ब्रिटनीने मुलाखत देऊन डोळे पुसले असते तर या दोघींनीच तो व्हिडिओ महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला असता, खाली हात जोडलेले चित्र लावून. लाल टी-शर्टवाली आज सुजलेल्या डोळ्यांनी आली असती तर तिला चहाला नेले असते. तिने चुकून हसत हसत पाऊल उचलले, एवढाच काय तो गुन्हा.

कोणीतरी म्हणेल की ते गाणे ब्रिटनीने लिहिलेलेच नाही. मान्य. स्वीडनमधल्या तिघा जणांनी लिहिले, आवाजावरही यंत्राचे भरपूर संस्कार आहेत, आणि ज्या बाजाराने तिची लक्तरे विकली त्याच बाजाराने हे गाणेही विकले. पण असला आक्षेप सांगली जिल्ह्यातल्या माणसाने तरी घेऊ नये. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी लावण्या लिहिल्या आणि पवळाने त्या फडावर उभ्या केल्या. त्या शब्दांत बाईचा जो तोरा होता तो बघणाऱ्यांच्या लेखी पवळाचाच होता, तिच्या हातात कागद आहे का, हे कोणी तपासायला गेले नाही. आणि त्या जोडीबद्दल काय कमी बोलले गेले? कुलकर्णीपण सोडून ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला, तोही एका दलित कलावतीच्या संगतीने, म्हटल्यावर गावोगावच्या पारांना वर्षानुवर्षे पुरेल एवढा विषय मिळाला. बापूरावांनी काय केले? आपण सोवळे घडी घालून ठेवले आणि तमाशाची मशाल हाती धरली, हे त्यांनी स्वतःच कवनात सांगून टाकले, तेही ढोलकीवर. निंदेला ठेक्यावर उत्तर देण्याची रीत अमेरिकेतून आलेली नाही, ती आपल्या शिवारातली आहे, आपणच ती विसरलो आहोत.

आणि त्या भादरलेल्या डोक्याबद्दल बोलायचेच असेल तर नीट बोलू. आपल्या महाराष्ट्रात बायकांची डोकी भादरण्याचा इतिहास काही लहान नाही. नवरा गेला की बाईला पाटावर बसवायचे आणि तिच्या मर्जीचा प्रश्नच नाही. त्याला कोणी वेड म्हटले नाही, धर्म म्हटले. अखेर १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिक मंडळींना एकत्र केले आणि आम्ही हे काम करणार नाही असे त्यांच्याकडूनच जाहीर झाले. म्हणजे लोकांनी भादरले तर रूढी, आणि एका पंचवीस वर्षांच्या पोरीने, जिच्या केसांवर, कमरेवर, कपड्यांवर लहानपणापासून दुसऱ्यांचीच मालकी होती, स्वतःच्या हाताने केस उतरवले तर ती येडी. तिने २०२३ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, ते तिचे उलटून उभे राहणे होते. तोवर सोळा वर्षे जगाने त्याला झटका म्हटले.

(पुरुष कलावंतांनाही भोगावे लागते, हेही खरे. मायकेल जॅक्सननेसुद्धा अफवांना वैतागून असेच गाणे केले होते. पण त्याला कोणी "घरी बस" म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.)

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून आले. एवढ्या वेळात राग थोडा उतरला आहे, आणि तो उतरल्यावर जे दिसते ते मला फारसे आवडत नाही.

कारण गाण्याने ती सुटली नाही. गाणे आले २००७ च्या अखेरीस, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने तिच्या पैशाअडक्याचा आणि रोजच्या जगण्याचा ताबा मुख्यतः तिच्या वडिलांकडे दिला. त्याच सप्टेंबरमध्ये त्या गाण्याच्या व्हिडिओला, आदल्या वर्षी जिथे तिची टवाळी झाली त्याच सोहळ्यात, तीन पुरस्कार मिळाले. पुरस्कार घ्यायला जी बाई मंचावर चढली तिला स्वतःचे पैसे स्वतः खर्च करण्याची मुभा नव्हती. डिसेंबर २०१३ पासून चार वर्षे तिने लास व्हेगासमध्ये कार्यक्रम केला, त्याला नाव याच गाण्याचे दिले होते, तिकिटे विकली जात होती, आणि कायद्याच्या लेखी ती स्वतःचा सांभाळ करायला असमर्थ होती. नाचायला समर्थ, सही करायला असमर्थ. जून २०२१ मध्ये तिने न्यायालयाला सांगितले की मला लग्न करायचे आहे, मूल हवे आहे आणि तेही करू दिले जात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते सगळे संपले. तेरा वर्षांहून जास्त काळ. आमच्याकडे इतक्या अवधीत द्राक्षाची बाग म्हातारी होऊन काढायला येते.

आक्काचेही तसेच झाले, हे कबूल केले पाहिजे. वरात संपल्यावर ती घरी आली तेव्हा डांबरी सडकेने तिचे तळवे सोलवटलेले होते. तिने परातीत पाणी घेऊन पाय बुडवले आणि कोणाशी न बोलता अर्धा तास तशीच बसली. काकी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. गल्लीनेही काही तोंडाला कुलूप लावले नाही. नवऱ्याने टाकलेली होती ती आता वरातीत नाचलेली झाली, एवढाच फरक. पण आक्का त्यानंतर सकाळी नऊ वाजता दुकानात जायला लागली. कट्टे भरलेले असताना. मी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः पाहिले आहे, ती पिशवी हलवत मधून चालत गेली आणि एका कट्ट्यावरच्या म्हातारीला तिने थांबून विचारले, "काय मावशी, काय इशय चाललाय माझा आज?" म्हातारी खोकत राहिली.

हे नाचण्यामुळे झाले की दोन वर्षे उलटल्यामुळे, मला सांगता येणार नाही. मला नाचण्यामुळे झाले असेच वाटते.

आज वर्ग सुटल्यावर लाल टी-शर्टवाली स्कूटीपाशी भेटली. मी "बरं झालं आलीस" म्हणाले, आणि ते इतके पुळचट वाटले की मलाच लाज वाटली. तिने हेल्मेट घालता घालता विचारले, "ते गाणं कुठलं होतं गं, मधलं? उद्या परत लावायला सांग त्याला." तिने मागच्या दोघींचे ऐकले होते की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. मी त्या मुलाला लगेच मेसेज टाकला आहे.

घरी आल्यावर पहिल्यांदा आक्काला फोन लावला. ती बेदाण्याच्या शेडवर होती, मागे बायकांचा कलकलाट आणि जाळीवर काठी आपटल्याचा आवाज. मी तिला विचारले की तुला ती वरात आठवते का? ती मोठ्याने हसली. "आठवती की! बेंजोवाल्यानं दुसऱ्या दिवशी माझ्याकडनं शंभर रुपये मागितलं बघ, म्हणला तुमच्यापायी जादा वाजवलं." मग थोडे थांबून म्हणाली, "मधीच कुणीतरी कोपर धरून वढत हुतं मला. काकी असंल."

मी "असेल" म्हणाले.