सोलकढीने चरबीच्या पेशी विरघळतात म्हणे!

मे महिन्यात गोव्यातल्या अंगणांत सोलां वाळायला पडली की व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरू लागतो: "प्रयोगशाळेत कोकमाच्या अर्काने आठ दिवसांत चरबीच्या पेशी विरघळल्या. रोज दोन वाट्या सोलकढी प्या."

आठ दिवसांचा हिशेब बरोबर आहे, पण तो पेशी विरघळण्याचा नाही, घडण्याचा आहे. असे प्रयोग बहुतेक वेळा ३टी३-एल१ पेशींवर होतात. उंदराच्या भ्रूणापासून आलेल्या, पुढे मेदपेशी बनू शकणाऱ्या या पूर्वपेशी हॉवर्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडल्या. प्लेट पेशींनी गच्च भरू द्यायची आणि आणखी दोन दिवस तशीच ठेवायची. मग माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, मेदपेशी बनायला भाग पाडणारे मिश्रण घालायचे: ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स, १ मायक्रोमोलर डेक्सामेथॅसोन आणि मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन. ४८ तासांनी नुसते इन्सुलिन, त्यानंतर दोन दिवसांनी साधे माध्यम. चौथ्या-पाचव्या दिवशी तेलाचे थेंब दिसू लागतात, आठव्यापर्यंत पेशी भरतात. अर्क पहिल्याच दिवशी घातला आणि आठव्या दिवशी चरबी दिसली नाही, तर ती बनलीच नाही एवढाच अर्थ. जी बनलीच नाही ती विरघळणार कुठून? 'विरघळली' म्हणायचे तर अर्क आठव्या दिवसानंतर घालून चरबी फुटल्यावर माध्यमात सुटणारे ग्लिसरॉल मोजायला हवे.

"पण फोटोत पेशींचा लाल रंग फिका पडला!" असे कोणी म्हणेल. ऑइल रेड ओ हा रंग तेलाला लाल रंगवतो, तेल कमी का झाले ते सांगत नाही. पेशी मेल्या आणि धुताना निघून गेल्या तरी रंग फिकाच. कोकम आंबट, त्याचा सामू न जुळवता अर्क ओतला तर माध्यमातला सामू दाखवणारा रंग, फिनॉल रेड, पिवळा पडतो आणि पेशी आम्लानेच आजारी होतात. मिश्रण घातल्यावर पहिल्या ४८ तासांत या पेशी एक-दोनदा विभागतात, तेव्हा विभाजन अडवणारे काहीही चरबी अडवल्यासारखे भासते. पेशी जिवंत किती, हे वेगळे मोजल्याशिवाय त्या फोटोला अर्थ नाही. आधी अर्क न घातलेली प्लेट पाहावी: पूर्वपेशी वाढवताना एकदा जरी गच्च होऊ दिल्या, किंवा पॅसेज (जुन्या प्लेटमधून नव्या प्लेटमध्ये पेशी हलवणे) फार झाले, तर तिथेही चरबी नीट भरत नाही.

वाटीतले आगळ आतडी आणि यकृत ओलांडून रक्तात किती उरते, हा प्रश्न तर संदेशात नाहीच. माणूस बारीक होतो तेव्हा मेदपेशी आकसतात, त्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते. प्रौढपणी वर्षाला सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात.

आणि सोलकढीत नारळाचा रस असतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेले दिसत नाही.