धुतल्या तांदळासारखा तक्रारदार

एखादा खेळाडू म्हणाला की मला माझ्या रंगावरून, वंशावरून किंवा जातीवरून हिणवलं गेलं, की आपल्याकडे ठरलेले प्रश्न सुरू होतात. आत्ताच का बोलला? तेव्हा काय तोंड शिवलं होतं? पुस्तक येतंय का याचं? आणि हा स्वतः कोण मोठा धुतल्या तांदळासारखा लागून गेलाय? यात 'पुरावा काय' हा एकच कामाचा प्रश्न. तो सगळ्यात शेवटी येतो आणि तोही अशा सुरात, की उत्तर मिळू नये हीच इच्छा.

माझं म्हणणं सरळ आहे. तक्रार खरी की खोटी हे तपासायला तक्रारदार साधुसंत असावा लागत नाही. पाकीट मारलं गेलं म्हणून कुणी पोलीस चौकीत गेला, तर हवालदार आधी त्याचं चारित्र्य तपासत बसत नाही. (बसतो कधीकधी, पण ते बरोबर आहे असं आपण म्हणत नाही.)

सुरुवात वानखेडेपासून करतो, कारण ते आपल्या अंगणात घडलं. १७ ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाविरुद्धची सातवी वनडे. मॅच काय जबरदस्त झाली होती! मुरली कार्तिकने २७ रन देऊन ६ काढले, बॅटिंगला मिळालेलं आपलं टार्गेट छोटं, तरी धापा टाकत दोन विकेट राखून जिंकलो. त्याच मॅचमध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून स्टँडमधून माकडाचे आवाज निघाले, माकडासारखे हातवारे झाले. त्याआधी वडोदऱ्यात हेच घडलं तेव्हा 'असं काही झालंच नाही, त्याचा गैरसमज झाला' अशी पहिली प्रतिक्रिया होती. मुंबईत फोटो निघाले, पोलिसांनी काही प्रेक्षकांना उचललं, म्हणून मान्य करावं लागलं. नाहीतर इथेही गैरसमजच झाला असता. त्या मालिकेचा मालिकावीर कोण होता? सायमंड्सच.

मग जानेवारी २००८, सिडनी. हरभजन आपल्याला 'मंकी' म्हणाला असा सायमंड्सचा आरोप, रेफ्री माइक प्रॉक्टर यांनी घातलेली तीन टेस्टची बंदी, आपला दौरा सोडून येण्याचा आविर्भाव, सगळं तुम्हाला पाठ असेल. त्याच टेस्टमध्ये सायमंड्स ३० वर असताना इशांतच्या बॉलवर कट लागून मागे कॅच गेला होता. अंपायर बकनर यांनी नॉटआउट दिलं. पठ्ठ्या हलला नाही, १६२ करून नाबाद राहिला आणि नंतर पत्रकारांसमोर बिनदिक्कत सांगून टाकलं की हो, लागला होता. झालं! कट्ट्यावरचा निकाल तिथल्या तिथे लागला: जो आउट असून क्रीज सोडत नाही, त्याच्या शब्दाला काय किंमत द्यायची?

युक्तिवाद ऐकायला चपखल आहे. फक्त तो लावायचा ठरवला तर जगातल्या निम्म्या बॅट्समनना आयुष्यभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभंच राहता येणार नाही, आणि त्या निम्म्यांत आपलेही पुष्कळ निघतील.

अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी साक्षी घेतल्या. सचिनचीही घेतली. वांशिक शेरेबाजी सिद्ध होत नाही म्हणाले, शिवीगाळीचं कलम लावलं आणि निम्मी मॅच फी कापली. त्याच सुनावणीत त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना सायमंड्सने हेही सांगितलं की हरभजनने आमच्या ब्रेट लीला सलगीने थोपटलं ते मला पटलं नाही. म्हणजे भांडणाची पहिली काडी त्याचीच. निकाल मला मान्य आहे. ऐकून घेऊन, तपासून दिलेला निकाल आहे, आणि तपासावं हेच तर मी म्हणतोय. मला खटकतं ते पुढचं. सिडनीत सिद्ध झालं नाही, म्हणून वानखेडेवरही काही झालंच नव्हतं, असं आपण सोयीने धरून चाललो. सायमंड्स म्हणजे रडका, कांगावखोर, एवढीच त्याची ओळख आपण ठेवली. पुढे २०११ मध्ये तो मुंबई इंडियन्सकडून हरभजनबरोबर खेळला. हरभजनने तिथे माझी माफी मागितली, असं त्याने नंतर सांगितलं. असं काही झालंच नाही, असं हरभजनने सांगितलं. दोघांतलं खरं काय ते आता कळायचं नाही, २०२२ मध्ये सायमंड्स गाडीच्या अपघातात गेला.

आता याच सिडनीत, जानेवारी २०२१. सिराज बाउंड्रीवरून चालत अंपायरकडे आला आणि प्रेक्षकांतून वांशिक शिव्या येताहेत म्हणून सांगितलं. मॅच थांबली, सहा जणांना बाहेर काढलं. सिराजने नंतर सांगितलं की अंपायरनी मॅच सोडण्याचा पर्यायही दिला होता, पण आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्यने, कॅप्टन होता तो, ठामपणे सांगितलं की आम्ही खेळणार. त्या दिवशी माझ्या एकाही ग्रुपवर 'पुरावा काय' असं कुणी विचारलं नाही. 'आत्ताच का' तर नाहीच नाही. पुढे ऑस्ट्रेलियन बोर्डाच्या चौकशीतून निघालं की शिवीगाळ झाली होती, पण बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते. म्हणजे तक्रार खरी आणि पकडलेली माणसं चुकीची. हा तपशील आपल्याकडे फार कुणाला आठवत नाही, कारण गरजच नव्हती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. विश्वासार्हता वगैरे आपण मोठ्या तोंडाने बोलतो, पण खरं तर जर्सीचा रंग बघूनच विश्वास ठेवत असतो.

बरं, आपली जर्सी घालूनही ही विश्वासार्हता कायमची मिळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध मॅच सुरू होण्याआधी आपली टीम वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघ्यावर बसली. मॅच हरलो आणि त्याच रात्री शमीला त्याच्या धर्मावरून काय काय ऐकावं लागलं ते सगळ्यांनी वाचलंय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोत हॉकीच्या मुली सेमीफायनल हरल्या, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडले गेले, घरच्यांना जातीवरून शिवीगाळ झाली. चारच दिवस आधी याच मुलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक मारली होती.

धुतल्या तांदळाच्या त्या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अझीम रफीक. यॉर्कशायर या इंग्लिश काउंटी क्लबचा स्पिनर, पाकिस्तानात जन्मलेला, इंग्लंडमध्ये वाढलेला. त्याने ड्रेसिंग रूममधल्या वर्णद्वेषाबद्दल जाहीर बोलायला सुरुवात केली २०२० मध्ये. क्लबच्या चौकशीत ४३ आरोपांपैकी ७ मान्य झाले आणि क्लबने जाहीर केलं की कुणावरही कारवाई होणार नाही. मान्य केलं, पण केलं काहीच नाही! १६ नोव्हेंबर २०२१ ला तो ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर बसला आणि बोलता बोलता त्याला रडू कोसळलं. आणि दोनच दिवसांत त्याचे २०११ चे जुने मेसेज बाहेर आले, ज्यूंविरुद्ध घाणेरडं लिहिलेले.

त्या दिवशी खूप लोकांनी हुश्श केलं असणार. सापडला! आता याचं ऐकायला नको.

रफीकने तिथल्या तिथे मान्य केलं, मेसेज माझेच आहेत, सबब काही नाही. त्याबद्दल पुढे त्याला इंग्लंडच्या बोर्डाच्या शिस्तपालन समितीने ताकीदही दिली. बरोबरच आहे, द्यायलाच हवी होती. पण त्या मेसेजमुळे ड्रेसिंग रूममध्ये जे बोललं गेलं ते न बोललेलं कसं होईल? त्याच्या एका सहकाऱ्याने तर आपण वांशिक शिवी वापरत होतो, असं स्वतःच लिहून कबूल केलं होतं. आपला चेतेश्वर पुजारा तिथे खेळायला गेला तेव्हा नाव उच्चारायला जमत नाही म्हणून त्याला 'स्टीव्ह' करून टाकलं होतं, आणि पुजाराने तर कधी कुठे तक्रारही केली नव्हती. २०२३ मध्ये शिस्तपालन समितीने निकाल दिला. इंग्लंडचा माजी कॅप्टन मायकल वॉन याच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही, तो सुटला. बाकी काही जणांवरचे झाले. क्लबने आपली चूक कबूल केली, चार लाख पौंडांचा दंड झाला (त्यातला बराचसा स्थगित) आणि काउंटी स्पर्धेतले ४८ गुण कापले गेले. एकाच माणसाच्या तक्रारीतलं काही टिकलं, काही टिकलं नाही, आणि तो माणूस स्वतः दुसऱ्या एका समाजाबद्दल द्वेषाने लिहून बसला होता. हे सगळं एकाच वेळी खरं आहे. आपल्याला हे पचत नाही, कारण आपल्याला गोष्टीत एक हिरो आणि एक व्हिलन लागतो. मधलं कुणी चालत नाही.

इतकं लांब कशाला जायचं, मुंबईच्या क्रिकेटचं पहिलं पानच उघडा. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला डावखुरा स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून जास्त विकेट. पुण्यात याच बाळूच्या बोलिंगवर मॅच जिंकायच्या आणि चहा मात्र त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून द्यायचा. तेव्हा मुंबईत धर्मवार संघांच्या स्पर्धा व्हायच्या, त्यातल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलंच नाही. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि कारण उघड सांगितलं. विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ मध्ये. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. आज असतं तर? एका बाजूने 'बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहणारा हा काय जातीबद्दल बोलणार' आणि दुसऱ्या बाजूने 'बघा, शेवटी राजकारणच करायचं होतं याला'. आणि ते चहाचं मातीचं भांडं जिथल्या तिथे.

'तेव्हा का नाही बोलला' याचं उत्तर मला मखाया एंटिनीने दिलं. दक्षिण आफ्रिकेचा फास्ट बॉलर, १०१ टेस्ट, ३९० विकेट. २०२० मध्ये त्याने सांगितलं की नाश्त्याला त्याच्या टेबलावर कुणी येऊन बसायचं नाही, जेवायला जाताना कुणी दार ठोठवायचं नाही. बसमध्ये तो मागे बसला की बाकीचे पुढे. मग त्याने एक युक्ती काढली. सकाळी लवकर उठायचं, आपली बॅग बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि हॉटेलपासून ग्राउंडपर्यंत पळत जायचं. येतानाही तेच. सगळ्या जगाला वाटलं, काय फिटनेस आहे बुवा! कॉमेंटेटरसुद्धा कौतुक करायचे. आणि पुढच्याच वर्षी खेळायचं असेल, निवड त्याच लोकांच्या हातात असेल, तर दुसरं काय करणार होता तो? ३९० विकेट खात्यात पडल्यावर आणि बूट खुंटीला टांगल्यावरच माणसाला बोलायची मुभा मिळते. बोलला की आपण म्हणतो, वरातीमागून घोडं.

वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीचं पण बघा. आयपीएलमधल्या हैदराबादच्या टीममध्ये आपल्याला रंगावरून नाव पडलं होतं आणि अर्थ आत्ता कळला, असं तो २०२० मध्ये म्हणाला. इकडे लगेच 'खोटं बोलतोय, असं कुणी म्हणणारच नाही' सुरू. संघातल्याच एका खेळाडूच्या २०१४ च्या इन्स्टाग्राम पोस्टमध्ये ते नाव फोटोखाली लिहिलेलं होतं! सहा वर्षं सगळ्यांसमोर. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणं झालं, ते प्रेमाने म्हणत होते असं कळलं, असं सॅमीनेच सांगितलं आणि विषय संपवला. त्याने संपवला, ठीक आहे. पण पुरावा मागणाऱ्यांतल्या कितींनी तो शोधला होता?

आणि इथेच मला आमच्या क्लबचं सांगायचंय. आझाद मैदानातला तंबू, पावसाळ्यातली कांगा लीग, चिखलात फसलेले स्पाइक्स. आमच्याकडे एक मिडियम पेसर होता, मानखुर्दहून सकाळची पहिली गाडी पकडून यायचा. ओल्या विकेटवर बॉल असा आत आणायचा की बॅट्समनच्या पॅडवर नुसता टप टप आवाज. त्याला त्याच्या रंगावरून एक नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही. तंबूत, मैदानात, चहावाल्याच्या तोंडीसुद्धा तेच. तो हसायचा. नाव ठेवलं होतं आमच्या सेक्रेटरींनी, आणि टीम कागदावर लिहायचेही तेच, त्यामुळे न हसून सांगतो कुणाला?

आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. परवा त्याने आपल्या वॉलवर लिहिलं की त्या नावाचा मला तिटकारा होता, आणि म्हणून मी माझ्या मुलाला मैदानावर पाठवताना दहा वेळा विचार केला. नाव कुणाचं घेतलं नाही. आमच्या जुन्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट आला आणि धडाधड सुरू झालं: तेव्हा तर खिदळायचा, आता नगरसेवक व्हायचंय वाटतं, हा स्वतः काय कमी शिव्या द्यायचा का. (द्यायचा. भरपूर.) मग एकाने लिहिलं, असं कुणी म्हणत होतं याला काही पुरावा आहे का? त्याला पाच-सात अंगठे लगेच.

त्या काळी आमच्या टीममध्ये स्कोअरर वेगळा नसायचा, ज्याची बॅटिंग नाही तो स्कोअर लिहायचा. बोलिंगच्या रकान्यात बाकी सगळ्यांची आडनावं आणि याचं मात्र ते नाव, निळ्या शाईत, प्रत्येक मॅचला. वह्या अजून क्लबच्या कपाटात आहेत. अंगठे देणाऱ्यांपैकी किमान तिघांचं अक्षर मी त्यात ओळखू शकतो.