मोजणी झाली म्हणजे जेसीबी लावायची मुभा मिळत नाही

‘बांधाचे पाच नियम, प्रत्येक शेतकऱ्याने जपून ठेवा’ असा एक मेसेज महिनाभर फिरतोय. मी तो तीन ग्रुपवर बघितला आणि सोडून दिला. परवा बार्शीहून मामाचा फोन आला. मोजणी झालीय, शेजाऱ्याकडे आपली पाच गुंठे निघालीत, आणि त्या मेसेजच्या जोरावर मामानं जेसीबी सांगून ठेवलाय. इसारही देऊन झालाय. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी चौथा नियम घेतो, कारण डोकी त्यानंच फुटतात. मेसेज म्हणतो: ‘मोजणीत हद्द आपल्या बाजूनं निघाली की त्याच दिवशी बांध फोडून जमीन ताब्यात घ्यावी. मालकाला कोर्टाची गरज नाही, पोलीस हात लावू शकत नाहीत.’

हे साफ खोटं आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, 1963. त्याचं कलम 6 कुणाकडूनही वाचून घ्या. ज्याचा ताबा त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची वाट सोडून काढून घेतला, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. जमीन मुळात कोणाची, हे त्या दाव्यात बघतच नाहीत. म्हणजे मामा, ती पाच गुंठे शंभर टक्के तुझी असली, तरी जेसीबी लावून घेतलीस तर कोर्ट ती आधी शेजाऱ्याच्या हातात परत देईल. त्या निकालावर अपील नाही. मग मालकीसाठी तू वेगळा दावा लावायचा, तोवर ऊस त्याचाच. शेतजमिनीसाठी 1906 चा मामलेदार न्यायालय कायदाही आहे. त्याखाली शेजारी तहसीलदारापुढे जाऊ शकतो, मुदत तिथंही सहा महिन्यांचीच.

पोलीस हद्दीच्या भांडणाला ‘दिवाणी बाब’ म्हणून वाटेला लावतात, हे खरं आहे. पण दुसऱ्याचा उभा ऊस जेसीबीखाली गेला, कुणाला काठी बसली, की ती दिवाणी बाब राहत नाही. नावं मग दोन्ही घरांतल्या पोरांची लागतात, आणि तारखांना तीच जातात.

मुळात मोजणी म्हणजे काय, हेच मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, नकाशाप्रमाणे हद्द कुठं येते ते दाखवतो, खुणा करून देतो. ताबा देणं हे त्याचं काम नव्हे. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागू शकतो, त्यानंतर आणखी वरची सुपर निमताना. जमीन महसूल संहितेखाली हद्द ठरवून घेतली, तर चुकीचा ताबा असलेल्याला काढायचा अधिकार कलम 138 खाली जिल्हाधिकाऱ्याला आहे. तो अधिकार तुझ्या खिशातल्या मोजणीच्या नकाशाला नाही.

दुसरा नियम: ‘12 वर्षं कसली की जमीन कसणाऱ्याची.’ यात अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय. खासगी जमिनीचा ताबा मालकीच्या आधारावर मागायला मुदतीच्या कायद्यात 12 वर्षंच दिलीत. असा ताबेदार स्वतःहून दावा लावू शकतो, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सांगितलंय. पण ताबा उघड हवा, सलग हवा, मालकाचा हक्क नाकारून केलेला हवा, आणि हे सगळं सिद्ध करायचं ताबेदारानं. भावकीत ‘तू कस, नंतर बघू’ म्हणून दिलेलं रान यात बसत नाही. दरवर्षी नांगराची एकेक ओळ पुढं सरकवत आलेल्याला तर कुठली पट्टी कुठल्या साली घेतली हे दाखवणंच अवघड आहे. तरी मामा, ‘बघू पुढच्या वर्षी’ करत बसू नकोस. 12 वर्षांची गोष्ट खोटी नाही.

तिसऱ्यात सलोखा योजना ओढून आणलीय: ‘दोन हजार भरा, शेजाऱ्याकडची जमीन परत मिळवा.’ 2023 ची ही योजना अदलाबदलीसाठी आहे. माझं रान तुझ्या ताब्यात, तुझं माझ्या ताब्यात, असं किमान 12 वर्षं असेल आणि दोघं राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000. एकाचीच जमीन दुसऱ्याकडं गेली असेल तर तिचा उपयोग नाही.

पहिला, ‘बांध कोरला की पाच वर्षं जेल’: सरकारी हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहेच, जुन्या दंड संहितेच्या कलम 434 मध्ये त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होती. पाच वर्षं कुठून आणली, देव जाणे. पाचवा, ‘बांधावरून कुणालाही जाऊ देऊ नका’: जमीन महसूल संहितेचं कलम 143 बघा, बांधावरून वाट द्यायची का ते तहसीलदार चौकशी करून ठरवतो.

मामा, जेसीबीवाल्याला मी फोन केलाय. इसार बुडला तर मी भरीन. शनिवारी येतो, मोजणीचा नकाशा आणि सातबारा काढून ठेव. आधी आपण दोघं शेजाऱ्याच्या घरी जाऊ आणि तो नकाशा त्याच्यापुढं उलगडू. नाही ऐकलं तर सोमवारी वकील.